कोरडी वाटी

“आई, माझ्या वाटीला हात लावायचा नाही हं. अजिबात!” असं चिमणीने बजावलं होतं. आई “हो गं माझे बाई” म्हणाली खरी, पण ते तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. गॅसवर दूध वर येत होतं, आणि लेकीचं बोलणं काही उतू जात नाही.

चिमणी दुसरीत. वाटीत कापूस, कापसावर घेवड्याची एक बी, असा तिचा शाळेचा प्रकल्प होता. वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली. चिमणी रोज सकाळी मागे हात बांधून तिच्यावर वाकायची, टक लावून बघायची, आणि पाण्याचा थेंबही न घालता दप्तर उचलून चालू पडायची.

आता चिमणीची आई कशी, तेही सांगायला हवं. लेकीच्या दप्तरात दोन रुमाल घालणारी. एक हरवला तर असावा म्हणून दुसरा, आणि दुसऱ्याचीही काळजी करणारी. शाळेची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बाल्कनीतून मान लांब करून बघणारी. डबा अर्धा परत आला की लेकीचं कपाळ चाचपणारी. त्यातून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. आपल्याच घरात एक बी तहानेने व्याकूळ झालीय, हे तिला बघवेना. पोर विसरत असणार, दुसरं काय! सगळ्या वर्गाच्या वाट्या हिरव्यागार होणार, आणि आपलीच तेवढी तोंड पाडून उभी राहणार. तिने चमचाभर पाणी घेतलं आणि कडेकडेने, बीला धक्का न लावता, हळूच सोडलं. मग संध्याकाळी परत. मग रोजच.

“अगं, ती हात लावू नको म्हणाली होती ना?” शर्टाला इस्त्री करता करता चिमणीच्या बाबांनी विचारलं.

“हात कुठे लावतेय? चमचा लावतेय.”

बाबांनी कॉलर इस्त्री करायला घेतली.

आणि एका सकाळी बीला मोड आला. चिमणी आधी नुसती बघत राहिली, मग घरभर नाचत सुटली. “आई, माझी बी बघ! काही न पिता उठली! वर्गात सगळ्यात शूर!”

‘काही न पिता’ हे शब्द आईच्या कानात जरासे टोचले. पण लेक इतकी खुशीत होती, की म्हटलं, कशाला मिठाचा खडा टाका!

पुढच्याच आठवड्यात वर्गात प्रकल्प मांडायचे होते. पालकांना आमंत्रण होतं, पण खुर्च्या मात्र मुलांच्याच. सगळे आईबाप गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. चिमणीच्या गटाची म्होरकी, एक चष्मेवाली, पुढे आली.

“आमचा प्रश्न होता, बी रुजायला काय काय लागतं? माझी वाटी उन्हात, पाणी दिलं. गोट्याची वाटी कपाटात, पाणी दिलं. चिमणीची वाटी उन्हात, आणि पाणी द्यायचंच नाही.”

आईने त्या एवढ्याशा खुर्चीत आणखी अंग चोरलं.

चिमणीने ऐटीत वाटी वर धरली. “आणि तरीही मोड आला!”

वर्गात गलका झाला. चष्मेवालीने वाटीत बोट खुपसलं. “कापूस तर ओला आहे! तू चोरून पाणी घातलंस!”

“नाही घातलं! मी तर बोटसुद्धा लावलं नाही!”

“मग ओला कसा? तुझ्यामुळे आपल्या गटाचं सगळं वाया गेलं. खोटारडी!”

“आईशपथ नाही घातलं!”

जिची शपथ घेतली ती आई समोरच बसली होती. धडधाकट, पण घामाघूम.

चिमणीची हनुवटी थरथरायला लागली. बशी फुटली तर तुकडे घेऊन स्वतःच आईसमोर उभी राहणारी ही पोर. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खोटारडी म्हणालं होतं.

“भांडायचं नाही, शोधायचं,” वर्गाच्या बाई म्हणाल्या. “पाणी आलं कुठून?”

“रात्री दव पडलं असेल!” मुलांचे अंदाज सुरू झाले.

“स्वयंपाकघरात कुठलं दव? छत गळत असेल.”

“तिची आई वाटीत रडली असेल,” गोट्या म्हणाला, आणि वर्ग खो खो हसला.

चिमणी हसली नाही. तेव्हा आई उठली. म्हणजे उठायला गेली, तर खुर्चीही तिच्याबरोबर उठली. चिकटलेल्या खुर्चीसकट, अर्धवट वाकून ती म्हणाली, “मी घातलं. चमच्याने. चिमणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खरं बोलतेय.”

“किती वेळा?” चष्मेवालीने वकिलासारखं विचारलं.

“सकाळ-संध्याकाळ.”

“आई! मी सांगितलं होतं ना तुला!” चिमणी ओरडली. पण हनुवटी थरथरायची थांबली होती. चष्मेवालीने चष्मा वर सरकवला आणि “सॉरी” म्हणून टाकलं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘तिसरी वाटी कोरडी राहिली का? नाही. कारण : आई.’ मग चिमणीला नव्या वाटीत, कोरड्या कापसावर नवी बी दिली. “ही वाटी शाळेतच ठेवू या का?”

आईने मान खाली घातली. चिमणीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मोजून-मापून, जशी ती रोज वाटीकडे पाहायची तशी.

“नको. घरीच नेते,” ती म्हणाली. “आईला पण जमायला हवं ना, हात न लावणं.”

नवी वाटी आता त्याच खिडकीत आहे. कापूस पांढराशुभ्र, बी खडखडीत. चिमणी शाळेत गेलीय, बाबा कामावर, आणि आई स्वयंपाकघरात एकटीच. मागे हात बांधून उभी. तेव्हा एक काम करा. त्यांच्या जिन्यावरून जाणार असाल, तर जरा बेल वाजवून बघा. दार उघडायला तिला वेळ लागला, तर सरळ आत जा आणि तिच्या हातातला चमचा काढून घ्या.