बर्फातली बाटली

"आलू सोलून देऊ का, मामाजी?" असं विचारून गीता पाटावर बसली खरी, पण तिचा एक कान पाळण्याकडे होता आणि दुसरा रस्त्याकडे. दारूबंदीचे दिवस. दोन घरं सोडून पोलीसपाटील राहायचे, आणि सासऱ्यांनी भरदुपारी परसात चूल मांडलेली.

"सालीसकट टाक," अर्जुनराव म्हणाले. "पेत्रोनं सोलायचं नव्हतं सांगतलं."

मोठ्या लढाईत अर्जुनराव आणि त्याच गल्लीतले रंगराव इराणात फौजी लॉऱ्या हाकत. माल रशियनांच्या ताब्यात द्यायचा आणि रिकामं परतायचं. एकदा बर्फानं रस्ता अडला, तेव्हा पेत्रो नावाच्या रशियन ड्रायव्हरनं दोघांना व्होडका पाजली. ती कशाची करतात तेही हातवारे करून सांगितलं. गहू घ्यायचा, मोड आणायचे. गहू कमी पडला तर आलू. शिजवायचं, वाफ धरायची, कोळशातून गाळायचं. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि गाड्या सुटल्या. जन्मात दोघं प्यायले ते तेवढंच. साखरखेर्ड्याला परतल्यावर मोहाच्या दारूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता रंगरावांनी अंथरूण धरलं होतं. अन्न सुटलं होतं. परवाच म्हणाले होते, "अर्जुन्या, थे बर्फातली एकडाव पाज बे. मंग जातो."

अर्जुनरावांनी शिजल्या आलूत मोडाचे गहू कुस्करून कालवले, आणि लगेच मडकं चुलीवर चढवून तोंडाला नळी बसवायला घेतली.

गीताचे हात थांबले. अमरावतीच्या कॉलेजात शिकलेलं तिला आठवलं. हे आधी आंबायला हवं, चांगलं आठवडाभर; नाहीतर उतरेल ते नुसतं पाणी. पेत्रोला ते हातवाऱ्यांनी दाखवता आलं नसावं. आता आपण सांगितलं, तर हे मडकं आठवडाभर घरात घमघमत राहणार. दारात शिपाई, सासऱ्यांच्या हातात बेड्या, ह्यांची मास्तरकी गेलेली, पाळण्यात हे एवढंसं पोर. आणि रंगकाका तरी आठवडा कुठले काढतात?

"काऊन गप झाली, पोरी?"

"काही नाही. जाळ मोठा होऊन राह्यला, मामाजी."

नळीतून थेंब पडू लागले. अर्जुनरावांनी ते कोळशातून गाळले आणि बाटली उन्हात धरली. "पाह्य. अश्शीच होती. पान्यावानी."

गीतानं मान डोलावली.

दिवस कलता दोघं रंगरावांकडे गेले. पोर गीताच्या खांद्यावर झोपलं होतं. अर्जुनरावांनी मित्राला टेकवून बसवलं, कप ओठांना लावला. रंगरावांनी घोट तोंडात धरला, हळूच गिळला.

"पानी हाय बे."

अर्जुनरावांचा चेहरा पार उतरला. "पानी कसं? त्यानं सांगतलं तसंच तं केलं."

गीतानं बोलायला तोंड उघडलं.

"कोनं म्हनलं खराब हाय?" रंगराव म्हणाले. "भर अजून. तूही घे. एकट्यानं पेलो होतो काय मी तवा?"

अर्जुनरावांनी दुसरा कप भरला. पिण्याआधी पेत्रो काहीतरी म्हणाला होता. ते दोघांनाही आठवेना. रंगरावांनी एक शब्द म्हणून पाहिला, अर्जुनरावांनी दुसरा. "हट, थे तं शिवी होती," म्हणत रंगराव खोकत खोकत हसले. मग दोघांनी एकदमच कप रिकामे केले. अर्जुनरावांनी डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं आणि मनगटानं मिशा पुसल्या.

बाटलीत अजून अर्धं उरलं होतं. गीतानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, खाली वाकली, आणि थेंबही सांडणार नाही असं बूच घट्ट बसवलं.