बावीस नंबरची फाईल

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये वारा साखर कारखान्याच्या बाजूनं सुटला की सगळ्या गावाला काकवीचा वास येतो. ऊस या मुलखातून कधीच गेला. कारखाना मात्र बाहेरून कच्ची साखर आणतो आणि धूत बसतो. शहाऐंशी सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तो वास अंगाला चिकटावा इतका दाट झाला होता. डॉक्टर पंडित रामटेके आपल्या बंद दवाखान्यात खालच्या खणापुढे फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात पोस्टकार्डाएवढं एक पिवळं कार्ड होतं. सात वर्षं ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं आणि फाडलंही नव्हतं.

मागे संघमित्रा येऊन उभी राहिली. दवाखान्याचा हिशोब, फोन, अपॉइंटमेंट सगळं तीच बघायची. नवऱ्याच्या पाठीकडे बघूनच तिला पोटातलं कळायचं.

"अहो, तीनला मीटिंग आहे ना? शर्ट रिटायर करायची?"

"जर्सी."

"तेच ते. माणसं रिटायर होतात हे ऐकलं होतं. इथे शर्टसुद्धा पेन्शनीत निघतात."

डॉक्टर हसले नाहीत. एरवी हसले असते. लॉरेल क्रीक हे इथून वीस मैलांवरचं लहानसं कॉलेज, आणि डॉक्टर गेली अकरा वर्षं त्याच्या फुटबॉल टीमचे डॉक्टर. फुटबॉल म्हणजे इथला, पायानं कमी आणि छातीनं जास्त खेळायचा. बगलेत चेंडू धरून, अंगावर येणाऱ्या धिप्पाड पोरांतून वाट काढत धावायचं. त्या खेळात एखादा फार मोठा झाला की कॉलेज त्याचा नंबर काढून ठेवतं. जर्सी काचेत जाते आणि तो नंबर पुन्हा कुणाच्या पाठीवर चढत नाही. लॉरेल क्रीकनं आजवर असा एकही नंबर ठेवला नव्हता. यंदा कॉलेजला पाऊणशे वर्षं होत होती म्हणून पाच जणांची कमिटी नेमली होती, आणि त्यात डॉक्टर होते.

"त्या पोराचं कार्ड ना?" संघमित्रानं विचारलं.

"हो."

"दाखवणार?"

"माहीत नाही."

ती जवळच्या स्टुलावर टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "लायसन्स जाईल का हो?"

"जाऊ शकतं."

"आणि नाही दाखवलं तर?"

डॉक्टरांनी कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

गाडी चालवताना डाव्या हाताला सपाट, हिरवी, उकडलेली जमीन पळत होती, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे एकोणऐंशीच्या ऑक्टोबरातला तो गुरुवार उभा होता. आयझॅक टर्नर, बावीस नंबर. एकवीस वर्षांचा काळासावळा, लांब पायांचा पोरगा. धावायला लागला की हरणाच्या पायाखालची माती जागी होते, तसं मैदान जागं व्हायचं. त्याच्या आधीच्या शनिवारी डोक्याला मार बसला होता. गुरुवारी तो दवाखान्यात आला तेव्हा दोनदा ओकला होता आणि त्याला भिंतीवरच्या एका घड्याळाची दोन दिसत होती. डॉक्टरांनी हे सगळं आपल्या कार्डावर लिहिलं. खाली लिहिलं, 'खेळू नये. पूर्ण विश्रांती.'

मग पोरगा बोलायला लागला.

"सर, माझी फी खेळावर माफ आहे. या शनिवारी बसलो तर कोच माझी जागा दुसऱ्याला देतील. जागा गेली की स्कॉलरशिप गेली. माझ्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला आहे, सर. एकच वर्ष राहिलंय."

दुसऱ्या कुणा डॉक्टरनं खांदे उडवले असते. पण हे वाक्य पंडित रामटेक्यांच्या हाडात घुसलं. कामठीला विड्या वळणाऱ्या रत्नाबाईचा हा लेक. सरकारी स्कॉलरशिपचा कागद यायला दोन महिने उशीर झाला तेव्हा त्याची पेटी हॉस्टेलच्या व्हरांड्यात काढून ठेवली होती. आठ रात्री तो त्या पेटीवर झोपला होता. शिक्षण सुटलं की माणूस पुन्हा कुठे जाऊन पडतो ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. डोक्यातल्या रक्ताची भीती त्याला पुस्तकातून माहीत होती. शाळा सुटायची भीती त्यानं अंगानं सोसली होती. त्या गुरुवारी सोसलेली भीती वाचलेल्या भीतीला भारी पडली. डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर, कोचसाठी, एकच शब्द लिहिला, 'फिट', आणि खाली सही केली.

रत्नाबाई विड्या वळताना गायची:

लेक माझा लिही नाव, शाई मुरे कागदात
माझ्या अंगठ्याचा डाग, धुतो त्याच्या अक्षरात

त्या सहीनं काय धुतलं आणि काय माखलं, हे तिला कधी कळलं नाही. ती त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती.

शनिवारी आयझॅक खेळला आणि अख्खी मॅच धावला. सोमवारी सकाळी हॉस्टेलच्या जिन्याखाली बेशुद्ध सापडला. पायरीवर बियरचे दोन रिकामे डबे होते, कुणाचे ते कुणी विचारलं नाही. मेंदूत रक्त साकळलं होतं. जीव वाचला, पण उजवा हात गेला, वाचणं गेलं आणि कालचं आज आठवणं गेलं. कॉलेजनं डॉक्टरांना विचारलं, "जिन्यावरून पडूनही असं होऊ शकतं ना?" डॉक्टर म्हणाले, "होऊ शकतं." खोटं नव्हतं ते. पण त्या दिवसापासून गावात एकच गोष्ट राहिली: बावीस नंबर दारू पिऊन जिन्यावरून पडला.

मीटिंगच्या खोलीत एसी इतका गार होता की काचांना बाहेरून घाम आला होता. लांब टेबलावर तीन जर्स्या पसरून ठेवल्या होत्या, हात दोन्ही बाजूंना, एखाद्याला निजवल्यासारख्या. बारा नंबरवाला अठ्ठावन्न सालचा कप्तान, आता ह्यूस्टनला मोठा वकील. चोपन्न नंबरवाला व्हिएतनामहून परतलाच नाही. तिसरी बावीस. कमिटीचे अध्यक्ष मिस्टर कॅसिडी कॉलेजचा खेळविभाग सांभाळायचे. गोल चेहऱ्याचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस.

"नियम तीन," ते म्हणाले. "तीन मोसम खेळलेला हवा. नावावर विक्रम हवा. आणि कॉलेजच्या नावाला बट्टा लावलेला नको."

बारा आणि चोपन्न पाच मिनिटांत झाले. बावीसची फाईल म्हाताऱ्या कोच हॅडलींनी वाचायला घेतली. एका मोसमात अकराशे सत्तर यार्ड. एका मॅचमध्ये चार वेळा चेंडू रेषेपार. फाईल मिटून त्यांनी चष्मा काढला.

"असा पोरगा मी पुन्हा पाहिला नाही," ते म्हणाले. "पण काय करणार? जिना आणि बियर. मी मत देऊ शकत नाही. उद्या एखादा पोरगा काचेतली ती जर्सी बघून विचारेल, याचं काय झालं, तर काय सांगू?"

"शरमेची गोष्ट आहे," कॅसिडी म्हणाले. "म्हणजे वाईट वाटतं, असं म्हणायचंय मला. मग बावीस बाजूला ठेवू या? डॉक, तुमचं काही?"

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. दवाखान्याची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. पंधरा वर्षांत मिळवलेलं नाव आलं. एका तालात चाललेलं घर आलं. गप्प बसलं तर कुणीच काही म्हणणार नव्हतं. सात वर्षं तरी कोण काय म्हणालं होतं?

"तो प्यायला नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"आयझॅक. तो प्यायला असेल नसेल, पण दारूमुळे पडला नाही. तो पडायच्या चार दिवस आधीच आजारी होता, आणि ते मला माहीत होतं." त्यांनी कार्ड जर्सीवर ठेवलं, बरोबर बावीसच्या दोन आकड्यांमधल्या जागेत. "हे मी लिहिलेलं. खेळू नये म्हणून. आणि तुमच्याकडे जो कागद आला, कोच, त्यावर फिट लिहिलं होतं. तोही मीच लिहिला."

कोच हॅडलींनी कार्ड उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"तू मला सांगायचं होतंस, डॉक." आवाज अगदी लहान होता. "मी त्याला बसवला असता."

"आणि त्याची जागा?"

म्हाताऱ्यानं कार्ड पुन्हा जर्सीवर ठेवलं.

कॅसिडींनी पेन टेबलावर ठेवलं. "डॉक, मी अजून हे मीटिंगच्या नोंदीत लिहिलेलं नाही. तुम्ही कार्ड उचला, घरी जा. पुढच्या वर्षी आपण काहीतरी बघू. बावीसला सन्मानाचं पत्र देऊ, काहीतरी देऊ."

"लिहा," डॉक्टर म्हणाले.

"लिहिलं तर हे कॉलेजच्या वकिलांकडे जाईल. तुमच्यावर येईल, आमच्यावरही येईल. आणि वकिलांच्या हातात असेतो त्या पोराचा नंबर भिंतीवर लागणार नाही, हे समजतंय ना? कदाचित कधीच नाही."

हे मात्र डॉक्टरांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण खरं बोललो की बावीस आपोआप काचेत जाईल, असं त्यांचं भाबडं मन धरून चाललं होतं. त्यांनी टेबलावरच्या त्या रिकाम्या बाह्यांकडे पाहिलं.

"तरी लिहा."

सेक्रेटरीनं बावीसची घडी घातली आणि खोक्यात ठेवली. बारा आणि चोपन्न टेबलावर तशाच राहिल्या.

तिथून डॉक्टर घरी गेले नाहीत. रोझेनबर्गच्या रस्त्याला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, आयझॅकच्या आईचं, टर्नरबाईंचं, लाकडी घर होतं. सात वर्षांत ते इथे एकदाही आले नव्हते. ओसरीवर आयझॅक बसला होता, मांडीवर शेंगांचं टोपलं. डाव्या हातानं शेंग दाबायची, अंगठ्यानं फोडायची, दाणे वाटीत. तेवढ्याशा कामात तो पार बुडून गेला होता. अंग सुटलं होतं. डॉक्टरांची पावलं ऐकून त्यानं मान वर केली आणि टोपलं खाली ठेवून शाळकरी पोरासारखा उठून उभा राहिला.

"मी पीत नाही, सर," तो म्हणाला. "सोडली मी. देवाला वचन दिलंय."

तेवढ्यात जाळीचं दार उघडून टर्नरबाई बाहेर आल्या. साठीची, ताठ कण्याची बाई, पांढरा ॲप्रन, केस मागे घट्ट बांधलेले.

"बस, बाळा," त्या लेकाला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "नवीन माणूस दिसला की तो हेच सांगतो. मीच शिकवलंय. तुम्ही कॉलेजचे डॉक्टर ना? आत या."

"इथेच बोलतो," डॉक्टर म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुरुवार, कार्ड, दोन घड्याळं, 'फिट' हा शब्द. जर्सी लागणार नाही हेही सांगितलं. अक्षर गाळलं नाही आणि माफीचा शब्दही काढला नाही. तो मागायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

बाई रागावतील, ओरडतील, हाकलतील, या सगळ्याची त्यांनी वाटेत तयारी केली होती. बाईंनी मात्र ओसरीचा खांब धरला आणि हळूहळू पायरीवर बसल्या.

"मी त्याला चर्चमध्ये नेलं होतं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलातून आणला त्याच्या दुसऱ्या महिन्यात. सगळ्या मंडळींसमोर गुडघ्यावर बसवलं. म्हटलं, कबूल कर. त्याला काही आठवत नव्हतं. म्हणत होता, 'ममा, मी नाही.' मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. सात वर्षं, डॉक्टर. रोज सकाळी त्याच्याकडून वदवून घेते. न्याहारीच्या आधी. वदल्याशिवाय ताट वाढत नाही मी त्याला."

डॉक्टरांना उमगलं. आपण एक ओझं उतरवायला आलो होतो. उतरवलं ते या बाईच्या डोक्यावर ठेवलं.

"मिसेस टर्नर, मी..."

"तुम्ही थांबा." त्यांनी हात वर केला. "माझ्याशी नका बोलू. त्याला सांगा. माझ्या तोंडून आता त्याला खरं वाटायचं नाही. त्याला दारुडा मीच केलाय."

डॉक्टर ओसरीवर चढले. खुर्ची नव्हती, म्हणून आयझॅकच्या पायाशी फळीवर बसले, दुपारी खणापुढे बसले होते तशी मांडी घालून. आणि लहान मुलाला सांगावं तसं, थांबत थांबत सांगितलं. तू दारूनं पडला नाहीस. तुझं डोकं दुखत होतं. तू माझ्याकडे आलास. चूक माझी होती.

आयझॅकनं शेंग हातातच धरून ठेवली. कपाळाला आठ्या पडल्या.

"मग मी वाईट नव्हतो?"

"नव्हतास."

"कॉलेज पुरं झालं माझं?"

"नाही रे," डॉक्टर म्हणाले. "ते राहिलं."

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग आईकडे वळून हसला, अगदी निर्मळ. "ममा, ऐकलंस? मी नव्हतो."

टर्नरबाईंनी ॲप्रनचा पदर तोंडावर ओढला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. आयझॅक घाबरून डाव्या हातानं त्यांची पाठ थोपटू लागला; आई का रडते ते त्याला कळेना. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरची आठी विरली. त्यानं टोपलं जवळ ओढलं आणि शेंग फोडली.

डॉक्टर गेटापर्यंत आले तेव्हा बाई मागून आल्या. डोळे पुसलेले होते. आवाज कोरडा, कामाचा.

"उद्या सकाळी तो हे विसरलेला असेल. उठल्या उठल्या पहिलं वाक्य तेच म्हणेल, 'मी पीत नाही.'"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मी साडेसातला न्याहारी वाढते."

डॉक्टरांनी मान हलवली. घरी संघमित्रा दारातच उभी होती. जर्सीचं काय झालं हे तिनं विचारलं नाही, लायसन्सचंही नाही. तिनं फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाट दिली.

"उद्या सहाचा गजर लाव," ते म्हणाले.

"उद्या रविवार आहे ना?"

"रोजचाच लाव."