हौदात उभा परीट

हेदोनेने शिळेवरचं फडकं उचललं आणि विचारलं, "हा कोण?"

"तुमचे यजमान, बाई," पाथरवट ट्रेबियस छिन्नी पुसत म्हणाला. "फिलेरोस."

शिळेवर घोळदार टोगा नेसलेला एक बडा गृहस्थ उभा होता. फिलेरोस तर रोममधला परीट. तिथे कपड्यांचा मळ मुताने काढत; हौदातल्या त्या मुतात गुडघाभर उभं राहून लोकांचे कपडे तुडवण्यात त्याचा जन्म गेला. त्याच कमाईतून त्याने आधी स्वतःला आणि मग हेदोनेला गुलामगिरीतून सोडवलं. गेल्या हिवाळ्यात तो खोकून खोकून गेला आणि धुलाईचा धंदा हेदोनेवर आला. आपिया रस्त्यावरच्या त्याच्या थडग्यासाठी तिने एवढंच सांगितलं होतं, की माझा नवरा हौदात उभा कोर आणि शेजारी मी, कपडे पिळताना.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"हौद कोरायला घेणारच होतो. तेवढ्यात लुसियस मालक आले."

लुसियस म्हणजे त्यांच्या जुन्या धन्याचा मुलगा. सुटलेले गुलाम धन्याचंच नाव लावत, म्हणून फिलेरोसच्या नावापुढेही त्याच पेटिलियस घराण्याचं नाव होतं.

"म्हणाले, आमचं नाव लावणारा माणूस भर रस्त्यावर मुतात उभा? टोगा नेसव त्याला. मी नाही कसं म्हणणार? माझं अर्धं काम त्यांच्या घरचं."

"आणि मी कुठाय?"

"टोग्याच्या घोळात जागाच उरली नाही."

हेदोनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फळीवरचा हातोडा उचलला. ट्रेबियस आडवा आला.

"फोडलीत तर दुसरी शिळा कुठून आणाल?"

तेही खरंच होतं. तिने हातोडा खाली घेतला. मग म्हणाली, "उलटी कर. मागच्या बाजूला कोर."

"मालक मला जगू देणार नाहीत."

"सांग, बाई हातोडा घेऊन बसली होती."

आणि ती खरंच बसली. काम संपेपर्यंत ती रोज येत राहिली.

शिळा थडग्यात बसवायच्या दिवशी लुसियस चार माणसं घेऊन आला. टोग्याची बाजू चुन्यात आत गेली होती. बाहेर फिलेरोस हौदात उभा होता, अंगरखा कमरेला खोचून, आणि शेजारी कपडे पिळणारी हेदोने.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला मोकळं केलं, त्याचे हे पांग फेडतेस?"

"मोकळं कुठे केलं, मालक? आम्ही स्वतःला विकत घेतलं त्यांच्याकडून."

"लाज वाटत नाही? मुतात उभा केलास नवऱ्याला."

"तुमच्या अंगावरचा टोगा पांढराशुभ्र दिसतोय. तो कशात तुडवलाय, ठाऊक आहे ना? का काढून वास घेताय?"

शिळा बसवणारा गवंडी खाली मान घालून हसला. लुसियसच्या माणसांतही कुणीतरी खाकरलं.

"उद्यापासून आमच्या घरचं एक फडकंसुद्धा तुझ्याकडे येणार नाही," लुसियस म्हणाला.

त्याने शब्द पाळला. त्याच्या मित्रांचे कपडेही बंद झाले. दोनांतला एक हौद कोरडा पडला, कामाच्या दोन बायकांना तिला निरोप द्यावा लागला. त्यातली एक जाताना म्हणाली, "एका दगडापायी, बाई?" हेदोनेला त्या प्रश्नाचाही राग आला.

फेब्रुवारीत मेलेल्यांच्या सणाला ती दारूत भिजवलेली भाकरी आणि जांभळी फुलं घेऊन थडग्यापाशी गेली. एक व्यापारी शिळेपुढे थांबून हसत होता.

"हस," ती म्हणाली. "आणि तुझे कपडे कोण धुतं, तेवढं सांगून जा."