गाठी ओसरल्या

भैय्यालाल मेश्राम उरला इथल्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. तापलेलं लोखंड उचलताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. पण रक्ताचा कॅन्सर निघाला, मानेला लिंबाएवढ्या गाठी आल्या आणि हा दणकट माणूस पार खचला. चार लोकांत जाणंही त्यांनी सोडलं.

डॉक्टर शांता बोरकरांनी रोजची एक गोळी सुरू केली. महिनाभराने रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या सोडून दुपटीने वाढलेल्या!

"झालं, इलाज उलटला," भैय्यालाल खाटेवर बसले. "आता मले नाही खायची ही गोळी."

"असं काहून बोलता?" त्यांची बायको मायाने गोळ्यांची पट्टी पुन्हा त्यांच्यापुढे धरली.

बायोटेक्नॉलॉजी शिकणारी त्यांची मुलगी दीक्षा जवळ आली. "बाबा, एक मिनिट रुको. मान इकडे करा."

तिने बोटांनी चाचपलं. मग दुसरी बाजू. मग एकदम ओरडली, "आई, हात लावून बघ! गाठ छोटी हो गई है!"

मायाने हात लावला. खरंच की! आकड्याच्या धसक्यात मानेकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

दीक्षाने लगेच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आकडा अन् गाठ दोन्हींबद्दल सांगितलं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "या पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतो, म्हणजे दारावरची घंटी समजा. जंतू आला की ती वाजते. तिचा निरोप आत पोचवतं एक एन्झाइम. तुमच्या आजारात दारात कोणी नसतानाही निरोप जात राहतो, अन् पेशी वाढत राहतात. आपली गोळी त्या एन्झाइमलाच धरून ठेवते. निरोप थांबला की गाठीत ठाण मांडून बसलेल्या पेशींची पकड सुटते आणि त्या रक्तात येतात. म्हणून आकडा चढला. बाहेर पडल्या त्या हळूहळू मरतील. गोळी बंद करू नका."

भैय्यालाल फोनकडे वाकले. मग म्हणाले, "म्हणजे त्यायले घरातून हाकलून राहिलो आपण?"

"हव, बाबा!"

त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला आणि गोळी गिळली.

पुढचे महिने सोपे नव्हते. अंगावर निळे डाग उठायचे, पोट बिघडायचं. दर तपासणीला मायाचा जीव टांगणीला लागे. पण आकडा आधी थबकला, मग उतरू लागला, उतरतच गेला. उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांची मान तपासली, पोट दाबून पाहिलं आणि त्या हसल्या.

"गाठी हाताला लागत नाहीत. पोटातली प्लीहाही सुजलेली नाही. रक्त जवळपास नॉर्मल. आजार मुळासकट गेला असं नाही म्हणणार, गोळी चालूच ठेवायची. पण ही लढाई तुम्ही जिंकली, मेश्रामजी."

भैय्यालाल ताडकन उठले. डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, 'जयभीम' म्हणाले आणि दीक्षाला सगळ्यांसमोर मिठी मारली. बाहेर येताच मायाला म्हणाले, "चल सदर बाजारात. मले गर्दीत फिरायचं आहे."

त्या संध्याकाळी ती तिघं गाड्यांच्या कलकलाटातून चालत होती. भैय्यालाल सगळ्यांच्या पुढे, ताठ, ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला मोठ्याने हाक मारत.