ताडपत्रीची दोरी

कोणी म्हातारपणी तीर्थाला जातं, कोणी लेकीकडे जाऊन नातवंडं सांभाळतं. आमचे हे लढाया बघत फिरतात. जिथे कधीकाळी माणसं एकमेकांना कापून मेली अशी जागा शोधायची, तिथे गाडी लावायची, आणि मी तिथे बसून पोहे करायचे. हा आमचा म्हातारपणचा संसार.

गाडी म्हणजे शाळेची जुनी बस. हे, म्हणजे लहानू, गडचांदूरला चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवायचे. रिटायर झाल्यावर बस घेतली, बाकडी उपटली, आत पलंग ठोकला, गॅस बसवला, टपावर पाण्याची टाकी चढवली. बाजूला ताडपत्रीची गुंडाळी. थांबलो की ती ओढायची, दोरी समोरच्या झाडाला बांधायची, की झाली पडवी. गल्लीतली पोरं तिला घरगाडी म्हणतात. शेजारची कमला म्हणते, "अंजनाबाई, लोकायचं माणूस घर सोडून पळते, तुमचं तर घरच पळून राह्यलं!"

पहिल्यांदा गेलो ते भीमा कोरेगावला, एक जानेवारीला. विजयस्तंभावर शिपायांची नावं कोरली आहेत. मागून लाखभर माणूस ढकलतंय आणि हे एकेक नाव वाचत उभे. मग मेळघाटात गाविलगडावर गेलो. इंग्रजांशी लढून तिथे किती माणसं मेली, पण तटावर कुणाचं नाव सापडेना, म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसले. ताडोब्यात वाघीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती. जिप्सीतले सगळे श्वास धरून बसलेले, आणि यांनी गाइडला विचारलं, "भाऊ, इथी कधी लढाई झाली होती काय?" मी कपाळावर हात मारला.

चिडते मी, पण हे काय शोधतात ते मला ठाऊक आहे.

आमचा अश्वजित आलापल्ली ते भामरागड काळी-पिवळी जीप चालवायचा. जीप जुनीच, टायर गुळगुळीत झालेले, आणि या शहाण्याने गिअरच्या दांड्यावर बसवायला काचेची गोळी आणली, आत लाल गुलाब. घरी आणल्या आणल्या हातातून पडली आणि तिचा टवका उडाला. मी म्हटलं, "आधी टायर बदलव ना बाबू." तर हसून म्हणाला, "माय, टायर कोणाले दिसते?" तीच गोळी त्याने बसवली, टवका आपल्याकडे करून.

एके दिवशी पोलिसांनी त्याची जीप भाड्याने घेतली. भामरागडच्या अलीकडे एका नाल्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आहे. त्याच्याखाली सुरुंग पेरला होता. जीपमधलं कुणी वाचलं नाही. पुढे एका गावच्या चौकात त्या सुरुंगात गेलेल्यांचं स्मारक झालं, काळ्या दगडावर सोनेरी नावं. आम्ही नवे कपडे घालून गेलो. यांनी वरून खाली नावं वाचली, मग खालून वर वाचली. अश्वजितचं नाव नव्हतं. तो पोलीस नव्हता, भाड्याचा ड्रायव्हर होता. ज्या ज्या दारात गेलो तिथे चहा मिळाला, नाव काही मिळालं नाही. डोळे मिटायच्या आत कुठल्या तरी दगडावर माझ्या लेकाचं नाव बघायचं, एवढंच माझं मागणं होतं. ते कुणाला जड झालं कोण जाणे.

त्या मागण्याच्या जोडीला होता तो राग. त्या रपट्यापासून हाकेच्या अंतरावर गाव आहे. माझा मुलगा तिथे पडला होता आणि त्या गावातलं एक माणूस घराबाहेर आलं नाही, असं मी ऐकलं होतं. तेव्हापासून त्या बाजूचं पाणी मी तोंडात घेत नाही. आधी मी यांना अश्वजितचे बाबा म्हणायची. तो गेल्यावर ते नाव घशाच्या वर येईना. आता नुसतं "अवो" म्हणते.

यंदा दिवाळीनंतर यांनी भामरागड काढलं. म्हणे, तीन नद्यांचा संगम बघू, आणि त्या भागात एक जुनी लढाई झाली होती म्हणतात. मी समजले. म्हटलं, "येतो मी. पण त्या रपट्याजवळ गाडी थांबवाची नाई. तो कुठी हाय तेबी मले सांगाचं नाई."

"नाई थांबवत," हे म्हणाले. टाकी मी चंद्रपूरलाच काठोकाठ भरून घेतली.

आलापल्ली सोडली आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं. मी खिडकीला पाठ करून बसले. दुपारी गाडी हळू झाली, एका मोहाच्या झाडाखाली वळली आणि थांबली.

"काऊन थांबले?"

"इंजन गरम झालं वो. जरा थंडं होऊ दे."

उतरले. रस्त्याच्या कडेला गवतात दगड उभे होते, ओळीने, कुणी कमरेएवढा, कुणी गुडघ्याएवढा. एक मात्र यांच्या खांद्याला लागेल एवढा. यांचे डोळे चमकले. चष्मा पुसून त्या मोठ्या दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अंजना, हे वीरगळ असतीन. म्हणजे लढाईत मेलेल्याचे दगड. हा मोठा तर सेनापतीचाच. तीनशे वर्षं जुना सहज असंन."

"तुमाले तर मैलाचा दगडबी सेनापतीच दिसते," मी म्हटलं. "ताडपत्री ओढा, ऊन लागून राह्यलं."

मोहाचं खोड एका अंगाला लांब होतं, तिथवर दोरी पुरेना. मी सरळ त्या मोठ्या दगडाला दोन वेढे देऊन गाठ मारली. दगड पक्का होता, हलला नाही. सकाळी धुतलेले कपडे ओलेच होते, तेही दोरीवर टाकले. यांचा लेंगा, माझा परकर. हे तोवर "नाल्याकडून जाऊन येतो" म्हणून निघून गेले.

टपावरची नळी पुढच्या बाजूने उतरते. पाण्यासाठी तिकडे गेले आणि सहज बॉनेटला हात लावला. रोज चालून तापतं तेवढंच होतं, इंजिन उकळल्याची धग काही नव्हती. डंपरवाल्याची बायको आहे मी, तापलेलं इंजिन मला कळतं. हे खोटं बोलले होते. आणि "नाल्याकडून जाऊन येतो" म्हणाले होते.

म्हणजे नाला हाच. रपटा इथेच, त्या वळणापलीकडे. आणि मी इथे परकर वाळत घालून बसले होते. एवढा संताप आला की नळी तशीच सोडून दिली. पाणी मातीत वाहत राहिलं. यांना चांगलं फाडून खायचं ठरवून मी वळले, तर ताडपत्रीपाशी एक माडिया म्हातारी उभी होती. डोक्यावर सरपणाची मोळी, गळ्यात मण्यांच्या माळा. तिने मोळी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि माझे कपडे एकेक काढून माझ्या हातात दिले. मग दगडाची गाठ सोडू लागली.

"ओ बाई, काय करून राह्यली? ताडपत्री पडंन ना!"

"दगडाले दोरी नको," ती म्हणाली. मराठी तिची मोडकी होती, पण आवाज शांत. "इथं माणूस हाय."

"कोण माणूस?"

"आमच्यात मेला का दगड लावते. हे सारे आमच्या गावचे." तिने ओळीवरून हात फिरवला. "हा मोठा मातर आमच्या गावचा नाही. हा गाडीवाल्याचा."

मला वाटलं, जुना कुणी बैलगाडीवाला असेल. यांची तीनशे वर्षं माझ्या डोक्यात बसली होती. म्हटलं, "कोणता गाडीवाला?"

"काळी-पिवळीवाला. आमाले बाजारात नेये. माझ्या सुनेले कळा सुटल्या त दवाखान्यात नेलं, पैसे नाही घेतले. मंग तिकडं रपट्यावर भडाका झाला." ती दोरी सोडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "त्याचा हार्न आमाले माहीत. भडाका झाला अन् हार्न वाजाले लागला. थांबेच ना. वाजतच राहिला, वाजतच राहिला. आमी दारं लावून बसलो. भेव वाटलं बाई. इकडून बंदूक, तिकडून बंदूक. कोणी गेलो नाही. मंग हार्न बारीक झाला. मंग बंद झाला."

हातातले कपडे खाली पडले. इतकी वर्षं मी या बाईला शिव्या दिल्या होत्या. ती कशी दिसत असेल, काय म्हणून सांगेल, मनातल्या मनात किती भांडणं झाली होती आमची. तिने 'आम्ही वाचवायला धावलो' म्हटलं असतं तर खोटारडी म्हणून मी तिच्या अंगावर गेले असते. ती तर खरंच सांगत होती, आणि मला हललं जात नव्हतं.

"सारं गाव झोपे ना," ती म्हणाली. "हार्न ऐकू ये रातीले. गायत्यानं, आमच्या पुजाऱ्यानं, सांगतलं, त्याले आपल्या ओळीत घ्या. म्हणून सगळ्यात मोठा दगड आणला. साऱ्या गावानं ओढला, डोंगरातून. त्याचं गाव कुठलं ते माहीत नाही, त सांगाले कोणाले जावं?"

ती खाली बसली. दगडाच्या पायथ्याशी चपटी शिळा होती, मी मघाशी तिच्यावर पाय देऊनच गाठ मारली होती. तिने ती उचलली. "मेल्या माणसाचं काहीतरी ठेवा लागते. पोट्ट्यायनं हे आणलं रपट्यावरून."

तिच्या तळव्यावर काचेची गोळी होती. धुरकटलेली. मी पदराने पुसली. आत लाल गुलाब. फिरवून बघितली. टवका होता.

मी किंचाळले असेन. कारण म्हातारी दचकून मागे सरली, माझ्याकडे बघत राहिली. गोळीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग तिला कळलं. तिने विचारलं नाही मी कोण म्हणून. तिने माझे पाय धरले. मी तिला धरून उठवायला वाकले आणि मलाच उठता येईना. दोघी तिथेच त्या दगडाला टेकून गवतात बसलो. तिचे हात सरपणाने खरखरीत होते, ते मी सोडले नाहीत. राग शोधत होते मी आपला, सापडेना. हार्नच ऐकू येत होता.

दगडाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत कोरा. एक अक्षर नाही. जे चौकातल्या काळ्या दगडावर मी शोधत होते ते इथेही नव्हतं. आणि सारं गाव त्याला ओळखत होतं.

वळणावरून हे येताना दिसले. मान खाली, हात मागे बांधलेले, खोटं पकडलं जाणार हे माहीत असलेल्या पोरासारखे. रपट्यावर त्यांना काय दिसलं असणार? डांबर आणि नाला. ताडपत्री जमिनीवर लोळतेय, नळीचं पाणी वाहतंय, आणि बायको एका अनोळखी म्हातारीला धरून सेनापतीच्या दगडापाशी बसलीय हे बघून ते जागीच थबकले.

मी गोळी मुठीत धरून उभी राहिले. "अवो" म्हणायला तोंड उघडलं.

"अश्वजितचे बाबा!" मी ओरडले. "लवकर या. आपला पोरगा इथी हाय."