भर दुपारचा अंधार

“बाई, एक विचारू?” चष्मेवाल्या इंजिनिअरनं बोल्टावरचा पान्हा थांबवला. “आकाश स्वच्छ असतानाही हे यंत्र रोज भर दुपारी थोडा वेळ मिट्ट अंधार दाखवतं. ढगानं एवढं काळं होत नाही. कुणी झाकायचं का याला?”

बाईंनी पदर खोचला.

बाईंचा नवरा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा राखणदार. दोन वर्षांपूर्वी हीच माणसं टाकीच्या छतावर सूर्याबरोबर तोंड फिरवणारी ही पेटी बसवून गेली होती. कुठं किती ऊन मिळतं ते मोजून जगभरात सूर्याच्या वेधशाळांसाठी मोजक्या जागा निवडायच्या होत्या. एकीकडे सूर्य मावळला तरी दुसरीकडे तो दिसत राहावा, त्याच्यावरची नजर कधी हटू नये, म्हणून. टेकडी निवडली गेली असती तर इथं वेधशाळा झाली असती आणि राखणदार तिचा पहिला माणूस. तेव्हापासून स्वारी हवेत होती. काच मऊ फडक्यानं पुसायची, कावळा बसला की धावत सुटायचं. अन् जेवायला उतरताना पेटीवर आपला जुना सदरा पांघरायचा.

“अहो, तिला काय ऊन लागतंय?”

“सकाळपासून टक लावून बसलीय बिचारी. घटकाभर डोळे मिटू दे की.”

“माझ्या डोळ्यांची कधी केलीत एवढी काळजी?”

मग दोघं हसत जेवायची. बाईंच्या उभ्या संसारात तेवढ्याच दुपारी सोन्यासारख्या गेल्या.

आता निवड दुसरीकडे झाली होती आणि माणसं पेटी काढून न्यायला आली होती. तिथं पायाही भरून झाला होता. टेकडी थोडक्यात हुकली, असं इंजिनिअर म्हणाला. राखणदार पेटीखाली घालायला गवत आणायला गेला होता.

“झाकतंय कोण?” बाई कडाडल्या. “आम्हाला काय कामधंदे नाहीत? तुमचं यंत्रच पेंगत असेल दुपारचं.”

इंजिनिअर त्यांच्याकडे बघत राहिला. मग पान्हा फिरवत म्हणाला, “असेल. जुनंच आहे.”

तेवढ्यात राखणदार कवेत गवत घेऊन धापा टाकत वर आला. बाईंना बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, “काय म्हणाले साहेब? कुठं कमी पडलो आपण?”

“ढग जास्त निघाले. तुम्ही काय फुंकर मारून उडवणार होतात?”

“मग ते काही आपल्या हातात नव्हतं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा सैल झाला.

त्यानंतर कितीतरी वर्षं, टाकीची नोकरी सुटल्यावरही, सूर्य टेकला की तो खुर्चीतून उठून ताठ उभा राहायचा; आपली पाळी संपली, पुढच्याच्या हवाली केलं, अशा ऐटीत. बाई कुणासाठी उठणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तेवढ्या वेळेला, गुडघे कितीही बोंबलत असले तरी, त्याही त्याच्याशेजारी उभ्या राहायच्या.