पेटीचं मौनव्रत

“एकशे एक रुपये मिळाले!” ताईंच्या इस्त्रीच्या दुकानातली, पैसे जमा झाल्याचं सांगणारी पेटी बोलली आणि गर्दीनं हात जोडले. समोर कुणीच पैसे भरले नव्हते. महाराजांनी पेटीवर फक्त एक फूल ठेवलं होतं.

“पूर्वी धन तिजोरीत राहायचं, आता हवेत राहतं. हवेतलं धन मंत्रानं लगेच वळतं!” महाराज म्हणाले.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच. मी म्हटलं, “महाराज, माझ्याकडे रोख चालते. या नोटेवर ठेवा की फूल!”

“कागदात चैतन्य नसतं, बाळा.” घ्या, सोयच झाली!

धन वाढवायचा महाराजांचा उपाय असा: गिऱ्हाईकं ज्यावर पैसे भरतात त्या दुकानाच्या क्यूआर कोडवर महाराजांचा सिद्ध कोड चिकटवायचा आणि तीन दिवस पेटीला मौनव्रत, म्हणजे बटण बंद. चौथ्या दिवशी सगळी जमा दुप्पट. ताईंना शुक्रवारी लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती. साठवलेल्यात तीन दिवसांची कमाई घातली की ती कशीबशी भागत होती; कमाई दुप्पट झाली तर वसतिगृहाचाही खर्च निघणार होता. तरी त्या कचरत होत्या. तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ पुढे झाला.

“ताई, महाराजांना मी आणलंय. माझ्यावरही विश्वास नाही?”

झालं! ताईंनी कोड चिकटवला आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

गुरुवारी शाळेतल्या बाई कपडे न्यायला आल्या. नेहमीची गिऱ्हाईकं नाव न बघता पैसे भरत होती, बाईंनी मात्र फोनवर आलेलं नाव वाचलं.

“अहो ताई, इथे तुमचं नाव येत नाही. तुमच्या भावाचं येतंय.”

ताईंनी घाईघाईनं आपलं खातं उघडलं. तीन दिवसांत एक पैसा आला नव्हता. शेवटची जमा त्या एकशे एकची, तीही भावाकडूनच. गर्दीच्या मागे उभं राहून त्यानंच फोनवरून पाठवले होते. इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट करपला, तरी ताई हलल्या नाहीत.

भाऊ बाकावरच बसला होता. महाराज आपला हिस्सा घेऊन सकाळीच पसार झाले होते, उरलेले यानं उडवले होते.

“फीची तारीख तुला ठाऊक होती ना रे?”

“महाराज म्हणाले होते, की...”

“महाराजांचं सोड! त्यांना मी ओळखतही नव्हते.”

आम्ही गल्लीत वर्गणी काढली, तीही पुरली नाही.

मंडळी, पैसे नोटेत असोत की फोनमध्ये, फुलानं वाढत नाहीत. कोड कुणाचा आहे ते रोज तपासा, खातं उघडून बघा. सांगणारा घरचा असला तरी बघा. ताईंच्या लेकीची जागा शुक्रवारी दुसऱ्या मुलीला गेली.